याकोब आणि एसाव: रात्रीची झुंज, सकाळचा समेट आणि परत केलेला आशीर्वाद

विचारणा अशी आहे: बायबलच्या उत्पत्ति या पहिल्या पुस्तकाच्या ३२व्या अध्यायात याकोब रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झुंजतो. लगेच ३३व्या अध्यायात भाऊ एसाव, ज्याच्या भीतीने याकोब वीस वर्षं परागंदा होता, धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतो. यहुदी परंपरा या दोन प्रसंगांची सांगड कशी घालते? हा समेट ती खरा मानते की देखावा? आणि चार-सहा जणांनी मिळून हा भाग वाचायचा तर कसा?

समेट खरा की खोटा यावर परंपरेत एकमत नाही. दुसऱ्या शतकापासून वाद चालू आहे आणि दोन्ही बाजू आजही शेजारी-शेजारी छापल्या जातात. पण या वादात सगळ्यांचं लक्ष ३३:४ मध्ये एसाव याकोबाचा मुका घेतो त्यावर खिळतं आणि त्यापुढे सात वचनांनी याकोब जे करतो ते निसटून जातं. माझ्या मते या भागाचा कणा तिथे आहे, ३३:११ मध्ये. तिथवर पोहोचायला मात्र आधीची वचनं सावकाश वाचावी लागतात.

सुरुवातीची अडचण अगदी साधी, पण गटाचा अर्धा तास खाणारी. हिब्रू तोराह, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, आणि आपल्याकडे मिळणारं मराठी बायबल यांत ३२व्या अध्यायाचे आकडे एका वचनाने सरकलेले आहेत. मराठीत जे ३१:५५ ते हिब्रूत ३२:१. म्हणून झुंजीचं वचन मराठीत ३२:२४, तर हिब्रूत ३२:२५. कुठलंही यहुदी भाष्य शोधायला गेलात की ते हिब्रू आकड्यावर सापडतं. ३३व्या अध्यायात आकडे पुन्हा जुळतात. खाली सगळीकडे हिब्रू आकडेच दिले आहेत.

सिनेगॉगच्या, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिराच्या, वार्षिक वाचनात हा भाग ‘वायिश्लाख’ या आठवड्याच्या पाठात येतो: ३२:४ ते ३६:४३, एकूण १५४ वचनं, किस्लेव महिन्यात, म्हणजे बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात. आपल्याला त्यातली पन्नासच लागतात: ३२:४ ते ३३ ही तीस आणि ३३व्या अध्यायाची वीस. नव्वद मिनिटांच्या दोन बैठकांत होतात. एकाच बैठकीत उरकायचं म्हटलं तर दुसरा अध्याय हमखास घाईत जातो, आणि समेट तर तिथेच आहे.

पद्धत जोडीने वाचण्याची, तिला हेव्रुता म्हणतात. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने अडवायचं. पहिल्या फेरीत भाष्य उघडायचं नाही. पाठात जे खटकेल ते फक्त प्रश्न म्हणून कागदावर लिहायचं: एकच गोष्ट दोनदा का सांगितली, हा शब्द इथे कशाला, हा माणूस मागे एकटा का राहिला. मग राशी उघडायचे. राशी म्हणजे फ्रान्समधल्या त्र्वा गावचे रब्बी श्लोमो यित्झाकी, १०४० ते ११०५. ते प्रश्न लिहीत नाहीत, फक्त उत्तर लिहितात. त्यामुळे ज्याच्या हातात स्वतःचा प्रश्न नाही त्याला राशी म्हणजे विस्कळीत टिपांचा ढीग वाटतो. नंतर बाकीचे: राशींचे नातू राशबाम, स्पेनचे इब्न एज्रा, आणि रामबान, म्हणजे मोशे बेन नहमान, ११९४ ते १२७०. यांची रामबाम, म्हणजे मोशे बेन मैमोन, यांच्याशी गल्लत करू नका. शेवटच्या अक्षराचा फरक आहे आणि दोघांची मतं या प्रसंगावर थेट भिडतात.

पहिल्या बैठकीला येण्याआधी प्रत्येकाने घरून २७वा अध्याय वाचून यावा, ही अट ठेवा. ती पाळली नाही तर ३३वा अध्याय दोन भावांच्या गोड भेटीची गोष्ट होऊन बसतो. आंधळा झालेला बाप इसहाक विचारतो, तू कोण? याकोब म्हणतो, मी एसाव, तुमचा थोरला. आशीर्वाद घेऊन तो बाहेर पडतो न पडतो तोच खरा एसाव येतो. पाठ म्हणतो की तो अतिशय मोठ्याने आणि कडवटपणे ओरडला, आणि मग विचारता झाला, बाबा, तुमच्याकडे एकच आशीर्वाद आहे का? २७:३६ मधले त्याचे शब्द वहीत उतरवून ठेवा: याने माझा थोरलेपणाचा हक्क घेतला, आणि आता माझा आशीर्वादही घेतला. दुसऱ्या बैठकीत हे वचन लागणार आहे.

याकोब मूळपुरुष म्हणून परंपरा त्याची बाजू सावरते, असा समज असतो. काही ठिकाणी ती सावरते, पण हिशेब सोडत नाही. बरेशित रब्बा या उत्पत्तीवरच्या जुन्या मिद्राशात, म्हणजे रब्बींच्या कथारूप भाष्यात, म्हटलं आहे की याकोबाने एसावला एक आक्रोश करायला लावला, त्याची फेड शूशन नगरीत झाली, कारण तिथे मर्दखयाच्या तोंडून तोच मोठा, कडवट आक्रोश निघाला, एस्तेर ४:१. त्याच ग्रंथात रब्बान शिमोन बेन गमलिएल म्हणतात की मी जन्मभर वडिलांची सेवा केली, पण एसावने केली त्याच्या शंभराव्या हिश्शालाही पोहोचलो नाही. एसाव म्हणजे निव्वळ खलनायक, असं धरून बसलेल्या गटाला हे दोन उतारे आधी वाचायला द्या.

आता ३२वा अध्याय. याकोब निरोपे पाठवतो, ते परत येऊन सांगतात की एसाव चारशे माणसं घेऊन येतो आहे. ‘याकोब फार भ्याला आणि कासावीस झाला’, असं वचन आठ. दोन क्रियापदं कशाला? राशी मिद्राशाचं उत्तर देतात: आपण मारले जाऊ म्हणून भ्याला, आपल्या हातून दुसरे मारले जातील म्हणून कासावीस झाला. समेटाच्या यहुदी विचारात हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं, आणि यायलाच हवं. समोरचा शत्रू असला तरी त्याच्या मरणाचा धसका याकोबाच्या अंगावर आहे.

राशी पुढे म्हणतात की त्याने तीन गोष्टींची तयारी केली: भेट, प्रार्थना आणि लढाई. लढाईची तयारी म्हणजे माणसं-जनावरं दोन तळांत वाटणं, एकावर हल्ला झाला तर दुसरा निसटावा म्हणून. प्रार्थना ३२:१० ते १३. आणि भेट ३२:१४ ते २२, जिच्यावर गट सहसा थांबतच नाही, कारण ती जनावरांची यादी आहे. थांबा. यादी अशी: दोनशे शेळ्या, वीस बोकड, दोनशे मेंढ्या, वीस एडके, तीस दुभत्या सांडण्या पिलांसकट, चाळीस गायी, दहा बैल, वीस गाढवी, दहा गाढव. सांडण्यांची पिलं सोडून पाचशे पन्नास जनावरं.

नर-मादीचं प्रमाण पाहा. शेळ्यामेंढ्यांत दहाला एक, गायींत चाराला एक, गाढवांत दोनाला एक. राशी याचा हिशेब मांडतात: ज्या जनावराला कामाचा शीण नाही त्याचा एक नर दहा माद्यांना पुरतो, थोडं काम करणाऱ्याचा चारांना, जास्त चालणाऱ्याचा दोघींना, आणि लांब पल्ला मारणाऱ्या उंटाचा एकीलाच. उंटांचे नर यादीत वेगळे का दिसत नाहीत, याचंही त्यांच्याकडे उत्तर आहे: त्या जनावराच्या लाजाळूपणाचा मान राखून पाठाने ते आडून सांगितले. ते पटो न पटो, मुख्य मुद्दा पक्का आहे. हे कापून खायचं खंडणीचं गुरं-ढोर नाही, पैदाशीचा कळप आहे, दर साली वाढणारी संपत्ती. आणि तोही एकदम न देता जातवार टोळ्या करून, मध्ये अंतर ठेवून पाठवला. प्रत्येक राखणदाराला एकच पाठ केलेलं वाक्य दिलं: हे तुमचा दास याकोब याचं, माझे स्वामी एसाव यांना भेट. एसावचा राग एका झटक्यात उतरणार नाही, टोळीमागून टोळी भेटत गेली तर थोडा-थोडा उतरेल, हा हिशेब. कळप पुढे जातो, याकोब त्या रात्री तळावर राहतो.

मग वचन २५: याकोब एकटा राहिला आणि एक पुरुष पहाट होईपर्यंत त्याच्याशी झुंजला. जागा यब्बोकचा उतार, म्हणजे आजच्या जॉर्डन देशातली झर्का नदी, जी पूर्वेकडून येऊन यार्देनला मिळते. बायकामुलं पार पोचवल्यावर तो मागे का राहिला, याला तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या संग्रहातल्या हुल्लीन या ग्रंथाच्या ९१अ पानावरचं उत्तर म्हणजे विसरलेली लहान मडकी आणायला. इथे लोक हसतात. पण त्याच ओळीत कारण दिलं आहे: सज्जनांना आपला माल जपावासा वाटतो, कारण ते दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाहीत. ज्याच्यावर भावाचा आशीर्वाद लुबाडल्याचा ठपका आहे त्याच्याविषयी हे म्हटलं आहे, हे विसरू नका. मिद्राश बचाव करतो आहे, आणि बचाव कुठल्या आरोपावर आहे हे बरोबर ठाऊक असून करतो आहे.

तो पुरुष कोण? इथे गट दोन दिशांनी घसरतो. एक म्हणजे ख्रिस्ती वाचनाच्या सवयीने तो स्वतः देवच, असं धरून पुढे जाणं. पाठ ‘पुरुष’ म्हणतो. संदेष्टा होशेय १२:५ मध्ये दूत म्हणतो, आणि यहुदी भाष्यकार दूतावर ठाम राहतात. दुसरी घसरण म्हणजे ही मनातलीच लढाई, असं म्हणून एका वाक्यात प्रश्न मिटवणं. भाष्यकारांची मतं याहून धारदार आहेत, ती वेगवेगळी ठेवा.

मिद्राशात रब्बी हामा बर हनिना म्हणतात की तो एसावचा पालक-दूत होता, प्रत्येक राष्ट्राचा वरच्या लोकात असतो तसा. म्हणजे सकाळची गाठ रात्रीच पडली होती. या वाचनाने दोन्ही अध्याय जोडले जातात: सकाळी याकोब एसावला म्हणतो, तुझं मुख पाहणं म्हणजे देवाचं मुख पाहण्यासारखं, आणि मिद्राश मान डोलावतो, अर्थातच, रात्रभर तेच तोंड समोर होतं. तालमूद आणखी एक भर घालतो. तो दूत कोणत्या रूपात आला? एक मत, परधर्मी मूर्तिपूजकाच्या. दुसरं मत, पंडिताच्या. शत्रू विद्वानाच्या वेषातही येतो, हे दुसरं मत मुद्दाम जपलेलं आहे.

राशबाम आजोबांपासून फारकत घेतात. त्यांच्या मते याकोब रात्री उठला तो दुसऱ्या वाटेने पळून जायला. दूत आला त्याला अडवायला, म्हणजे एसावशी गाठ पडावी आणि देवाने दिलेलं वचन खरं व्हावं. झुंजीत याकोबाची मांडी लचकली ती तो पळत होता म्हणून. बाकीच्या जुन्या भाष्यकारांना हे वाचन जरा उद्धट वाटतं, मला ते सर्वांत उपयोगी वाटतं. इथे झुंज समेटाच्या आड येत नाही, समेट टाळणाऱ्याला ती धरून ठेवते.

रामबाम ‘मोरे नवुखीम’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागातल्या ४२व्या प्रकरणात म्हणतात की जिथे दूत दिसला किंवा बोलला तिथे सारं भविष्यदर्शनात घडलं. रामबान उत्पत्ति १८:१ वर त्यांना पकडतात: दर्शनच असेल तर जागा झाल्यावर तो लंगडत का होता? या प्रश्नावर गटाला दहा मिनिटं सोडून द्या. मनातल्या झुंजीचा आधुनिक अर्थ ज्यांना आवडतो त्यांनाही रामबानच्या लंगडण्याला उत्तर द्यावं लागतं.

पहाटे दूत विचारतो, तुझं नाव काय? तो म्हणतो, याकोब. वहीतलं २७वं प्रकरण शेजारी धरा: बापाने विचारलं तेव्हा त्याने दुसऱ्याचं नाव सांगितलं होतं. राशी नव्या नावाचा अर्थ याच दिशेने लावतात, की यापुढे आशीर्वाद तुला कपटाने मिळाले असं कुणी म्हणणार नाही. ‘इस्राएल’ हे नाव इथे पहिल्यांदा येतं. कोकणात शनिवार तेली म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्राएल समाजाने स्वतःसाठी धरलेलं नाव हेच. पण नाव बदललं म्हणून माणूस बदलला, असं पाठ म्हणत नाही. अब्रामाचा अब्राहाम झाल्यावर तोराह त्याला पुन्हा अब्राम म्हणत नाही. याकोबाला मात्र पुढेही याकोबच म्हणत राहते. तालमूदने बराखोत १३अ मध्ये यावर निकाल दिला आहे: इस्राएल हे मुख्य नाव, याकोब दुय्यम, पण पुसलेलं नाही.

आणि मग वचन ३३, जे कथेतून उठून थेट स्वयंपाकघरात येतं: म्हणून इस्राएल लोक आजतागायत मांडीच्या खोबणीवरची शीर खात नाहीत. हिब्रूत गिद हनाशे. सायटिकाचं दुखणं ज्या शिरेतून पायात उतरतं तीच. तोराहच्या ६१३ आज्ञांपैकी उत्पत्तीत फक्त तीन मोजतात, ही तिसरी. तपशील मिश्नामध्ये, म्हणजे तालमूदचा गाभा असलेल्या जुन्या नियमसंग्रहात, हुल्लीनच्या सातव्या अध्यायात: डाव्या-उजव्या दोन्ही मांड्यांना लागू, पक्ष्यांना नाही, कारण त्यांच्या मांडीला तशी वाटीसारखी खोबण नाही. हाडालगतची आतली शीर तोराहने वर्ज्य, मांसालगतची बाहेरची रब्बींनी. काढायची तर मुख्य शिरेबरोबर मांसात शिरलेले तिचे फाटेही शोधून काढावे लागतात, आणि त्याच भागातली वर्ज्य चरबीही. काम कसबाचं, वेळखाऊ, आणि त्यात मांसाची बरीच नासाडी होते. म्हणून कित्येक देशांत कोषेर, म्हणजे यहुदी आहारनियम पाळणारे, खाटीक मागचा भाग घेतच नाहीत, तो बिगरयहुदी बाजारात विकला जातो. चीनमधल्या काइफंगच्या यहुद्यांना शेजारी ‘शिरा काढणाऱ्यांचा पंथ’ म्हणत, इतकी ही खूण ठळक होती. गटात हा भाग गाळू नका. जखमेची आठवण ताटात ठेवली आहे, विजयाचा सण मात्र कुठेच नाही.

दुसरी बैठक, ३३वा अध्याय. याकोब लंगडत पुढे येतो आणि सात वेळा भुईपर्यंत वाकतो. इसहाकचा आशीर्वाद काय होता? तुझ्या आईचे मुलगे तुला नमतील, २७:२९. नमतो आहे तो याकोब. स्वामी कोण हेही त्याच वचनात ठरलं होतं, आणि इथे याकोब एसावला ‘माझे स्वामी’ म्हणतो, दोन अध्यायांत मिळून आठ वेळा: ३२:५, ६, १९ आणि ३३:८, १३, १४ मध्ये दोनदा, १५. मिद्राशाने मोजलं आहे आणि ते त्याला खुपलं आहे. त्याचं म्हणणं, तू आठदा वाकलास म्हणून तुझ्या वंशाआधी त्याच्या वंशात आठ राजे झाले. ते राजे ३६व्या अध्यायात आहेतच. उलट बाजूही त्याच मिद्राशात: रब्बी यहूदा हनासी यांच्या लेखनिकाने रोमन सम्राट अँटोनिनसला ‘यहूदा नासीकडून’ असं पत्र लिहिलं, ते त्यांनी फाडलं आणि ‘तुमचा दास यहूदा याच्याकडून’ असं लिहायला लावलं, कारण याकोबाने तसंच केलं होतं.

एसाव विचारतो, वाटेत भेटला तो सगळा लवाजमा कशाला? ‘माझ्याकडे पुष्कळ आहे, भाऊ, तुझं तुझ्यापाशी राहू दे.’ या संभाषणात ‘भाऊ’ हा शब्द एसावच्या तोंडी आहे. याकोबाच्या तोंडी समोरासमोर तो एकदाही नाही.

आता ३३:१० आणि ११ शेजारी ठेवा. दहामध्ये याकोब म्हणतो, माझ्या हातून माझी भेट घ्या. शब्द मिन्हा, जो जनावरांच्या यादीपासून चालत आला आहे. अकरामध्ये तोच माणूस त्याच कळपाविषयी म्हणतो, माझा बराखा घ्या, म्हणजे आशीर्वाद. कित्येक भाषांतरांत दोन्हीकडे ‘भेट’ येतं आणि इथेच वाचक ठेच न लागता पुढे जातो. २७:३६ मध्ये एसाव ओरडला होता ‘लाकाह बिरखाती’, माझा आशीर्वाद घेतला. इथे याकोब म्हणतो ‘काह ना एत बिरखाती’, घ्या ना माझा आशीर्वाद. तेच क्रियापद, तेच नाम, तोच प्रत्यय. ‘माझा’ मात्र आता याकोबाच्या बाजूने बोललेला. प्रामाणिकपणे सांगायचं तर राशी इथे बराखा म्हणजे भेटीला आल्यावर द्यायची वस्तू, एवढंच म्हणतात. पण पैदाशीचा कळप आठवा. इसहाकच्या तोंडून निघालेलं वाक्य परत करता येत नाही. त्या वाक्यातली जी बरकत मोजता-हाकता येते ती पाचशे पन्नास डोक्यांच्या रूपाने आणून उभी केली आहे. पुढचं वाक्य: त्याने आग्रह केला, आणि एसावने घेतलं. एसावचं नको म्हणणं मान्य करून याकोब थांबला असता तर कळप वाचला असता, पण देणं बाकीच राहिलं असतं.

राहिला मुका. ३३:४: एसाव धावला, त्याला मिठी मारली, गळ्यात पडला, मुका घेतला, आणि दोघं रडले. तोराहच्या गुंडाळीत ‘मुका घेतला’ या एका शब्दाच्या प्रत्येक अक्षरावर टिंब आहे. अशी टिंबं तोराहमध्ये दहा ठिकाणी, आणि सोफेर, म्हणजे गुंडाळी हाताने लिहिणारा लेखनिक, ती आजही काढतो. टिंब म्हणजे इथे थांब, काहीतरी गोम आहे.

रब्बी यन्नाई म्हणतात, तो मुका घ्यायला नव्हे, चावायला आला होता. हिब्रूत दोन क्रियापदांत एका अक्षराचा फरक आहे. याकोबाची मान संगमरवरी झाली, म्हणून एक मानेसाठी रडला, दुसरा दातांसाठी. उलट मत सिफ्रे या ग्रंथात रब्बी शिमोन बर योहाय यांच्या नावावर आहे: एसाव याकोबाचा द्वेष करतो हे ठाऊकच आहे, पण त्या घटकेला त्याची माया दाटून आली आणि त्याने मनापासून मुका घेतला. या वाक्याचा पहिला अर्धा भाग तोडून घोषणेसारखा वापरला जातो, जणू सगळ्या जगाने यहुद्यांचा द्वेष करणं हा नियमच आहे. बोलणाऱ्याने मात्र वाक्य रचलं आहे ते दुसऱ्या अर्ध्यासाठी. आणि बोलणारा कोण? तालमूदच्या शब्बाथ ३३ब मधल्या कथेप्रमाणे रोमनांच्या भीतीने मुलासह तेरा वर्षं गुहेत लपलेला माणूस. रब्बींच्या भाषेत एसाव म्हणजे अदोम, अदोम म्हणजे रोम, आणि पुढे ख्रिस्ती युरोप. हे समीकरण गटाला पहिल्याच बैठकीत सांगून टाका. नाहीतर चावण्याची कथा शिकार करणाऱ्या एका भावावरचा राग वाटते, जेव्हा तो राग इसवी सन ७० मध्ये मंदिर जाळणाऱ्या साम्राज्यावरचा आहे.

इब्न एज्रा चावण्याच्या मिद्राशाची बोळवण करतात: अंगावरचं दूध सुटलेल्या पोरांना तो ठीक आहे, साध्या अर्थाने एसावच्या मनात काही वाईट नव्हतं, पुरावा म्हणजे रडणं, योसेफ भावांना भेटून रडला तसं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतले शिमशोन राफाएल हिर्श हाच धागा धरतात: मुका खोटा असू शकतो, असे अश्रू खोटे नसतात. वोलोझिनचे नत्झीव, म्हणजे नफ्ताली झ्वी यहूदा बर्लिन, १८१६ ते १८९३, ‘दोघं रडले’ मधल्या ‘दोघं’वर बोट ठेवतात. याकोबाच्या मनातही त्या क्षणी प्रेम जागं झालं, आणि पुढच्या पिढ्यांतही एसावचे वंशज शुद्ध मनाने इस्राएलला ओळखतील तेव्हा आपणही त्यांना भाऊ म्हणून ओळखू. झारच्या रशियात बसून लिहिलेलं आहे हे.

भेटीनंतर काय? एसाव म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणतो, पोरं लहान आहेत, जनावरं पिलांना पाजणारी आहेत, तुम्ही पुढे व्हा, मी सेईरला, तुमच्या मुलखात, येतो. आणि जातो सुक्कोथला. सेईरला गेल्याचं तोराहमध्ये कुठेच नाही. राशी म्हणतात, मसीहाच्या काळात जाईल. दोघं पुन्हा एकत्र दिसतात ते ३५:२९ मध्ये, बापाला मूठमाती देताना. आपल्याला समेट म्हणजे एका छताखाली राहणं वाटतं, म्हणून इथे गट नाराज होतो. पाठाला ती नाराजी नाही. दोघांना आपापली भूमी मिळते, आणि अनुवाद या तोराहच्या पाचव्या पुस्तकात २:५ मध्ये देव इस्राएलांना बजावतो की सेईर मी एसावला दिला आहे, त्यातलं पाऊलभरही तुमचं नाही.

नंतरच्या धर्मशास्त्राच्या कसोटीला याकोबाचा समेट पुरा उतरत नाही, हेही स्पष्ट बोलावं. मिश्ना योमा ८:९: माणसा-माणसांतलं पाप योम किप्पूर धुऊन टाकत नाही, जोवर त्या माणसाची समजूत काढलेली नाही. योम किप्पूर म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, बेने इस्राएलांचा दारफळणीचा सण. तालमूद योमा ८७अ मध्ये रीत आहे: तीन माणसं बरोबर घेऊन जायचं, ऐकलं नाही तर पुन्हा, तीन वेळांपर्यंत, तो मेला असेल तर दहा जणांना घेऊन थडग्यापाशी उभं राहून मी देवाचा आणि याचा अपराधी आहे असं म्हणायचं. रामबाम ‘पश्चात्तापाचे नियम’ २:९ मध्ये दोन्ही गोष्टी मागतात, देणं चुकतं करणं आणि क्षमा मागणं. बावा कामा ८:७ मधली मिश्ना दुसऱ्या पक्षालाही बांधते: मागितल्यावर क्षमा नाकारणं हा क्रूरपणा. याकोबाने देणं चुकतं केलं. ‘चुकलो’ हा शब्द मात्र ३३व्या अध्यायात कुठेच नाही. एसावनेही तो मागितला नाही. दोघांची समजूत शब्दांवाचून, वाकण्याने आणि कळपाने झाली.

शब्दांचा समेट बघायचा असेल तर योसेफ आणि त्याचे भाऊ घ्या, उत्पत्ति ४४:१८ पासून. तिथे भावांना बन्यामीनच्या रूपाने जुनाच प्रसंग पुन्हा मिळतो आणि यहूदा या वेळी उलट वागतो. रामबामची पुऱ्या पश्चात्तापाची व्याख्या, तोच प्रसंग, तीच ताकद आणि तरी हात आवरणं, तिथे चपखल बसते. पण तो स्वतंत्र बैठकीचा विषय आहे, याच्यात घुसडू नका.

दुसऱ्या बैठकीत वेळ उरला तर दोन छोटे उतारे वाचा. गणना २०:१४ ते २१: मोशे अदोमच्या राजाकडे निरोपे पाठवतो, ‘तुझा भाऊ इस्राएल म्हणतो’ अशा शब्दांत वाट मागतो, आणि अदोम तलवार घेऊन आडवा येतो. आणि संदेष्टा ओबद्याचं पुस्तक, एकवीस वचनांचं एकच प्रकरण. सेफार्दी रिवाजात या आठवड्याच्या तोराहपाठानंतर तेच वाचतात, आणि त्यात अदोमला झोडलं आहे ते भावाशी दगा केल्याबद्दल. मिठीच्या अध्यायानंतर लगेच हे वाचायला ठेवणाऱ्यांना समेट टिकला नाही हे ठाऊक होतं. तरी अनुवाद २३:८ त्याच तोराहमध्ये जसंच्या तसं आहे: अदोम्याचा तिटकारा करू नको, तो तुझा भाऊ आहे.